भक्ष्याभक्ष्य आणि घोडा

निफाड तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं सायखेडा हें गांव आहे. पैलतीरीं चांदोरी, मध्यें पूल, आणि पावसाळ्यांत नदीनें मर्यादा सोडली कीं दोन्ही गांवांत पाणी, असा तेथील क्रम. २०१६ सालीं व पुन्हां २०१९ सालीं तो साऱ्या महाराष्ट्राच्या नजरेस आला. या गांवीं एका वृद्ध मुसलमान स्नेह्यांच्या ओट्यावर बसलों असतां एक वाद आमच्या कानीं पडला. वरकरणीं तो अगदीं लहान होता. पण त्यानें पुढें कित्येक दिवस आम्हांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं, म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्नेह्यांचा नातू वैद्यकीच्या शिक्षणासाठीं कझाकस्तानांत आहे. अलीकडे महाराष्ट्रांतील पुष्कळ मुलें या कारणासाठीं त्या देशीं जातात. मुलगा सुटींत घरीं आला होता, आणि तिकडच्या बर्फाच्या व जेवणाखाण्याच्या गोष्टी सांगतां सांगतां तो सहज बोलून गेला कीं, एका मुसलमान सहाध्यायाच्या घरीं त्याला घोड्याचें मांस वाढलें आणि त्यानें तें खाल्लें. ओट्यावर एकदम शांतता पसरली. रत्नागिरीकडचे एक पाहुणे, नात्यानें व्याही, शेजारींच बसले होते. ते म्हणाले, "त्यांत काय झालें? आमच्या मजहबांत तें हलाल आहे." आजोबा म्हणाले, "आमच्यांत मकरूह आहे." मग थोडें थांबून पुन्हां म्हणाले, "आणि मकरूह नसतें तरी काय? माझ्या बापानें जन्मभर खेरवाडी स्टेशनावर टांगा हांकला. घोड्यानें आम्हांला खाऊं घातलें. त्यालाच खायचें?" मुलानें मान खालीं घातली आणि तो एवढेंच बोलला, "दादा, त्यांनीं प्रेमानें वाढलें होतें."

आम्ही मुसलमान नव्हों, आणि इस्लामी धर्मशास्त्राचे पंडित तर मुळींच नव्हों. पण त्या ओट्यावर जें बोलणें झालें त्यांत एका धर्माचा प्रश्न थोडा होता, आणि माणसानें काय खावें हें कोण ठरवितो हा प्रश्न अधिक होता. तो आमचाही आहे. तरी आरंभ शास्त्रापासूनच केला पाहिजे. कारण शास्त्र काय म्हणतें हें न पाहतां त्यावर मत देणारे लोक आपल्याकडे फार झाले आहेत.

कुराणाच्या सोळाव्या सूरेंत, जिला 'नहल' म्हणजे मधमाशी असें नांव आहे, पशूंच्या द्वारें ईश्वरानें माणसावर केलेल्या उपकारांचें वर्णन आहे. प्रथम गुरांमेंढरांचा उल्लेख येतो; त्यांच्यापासून ऊब मिळते, इतर लाभ होतात, आणि त्यांतून तुम्ही खातां, असें तेथें सांगितलें आहे. पुढें आठव्या आयतींत घोडे, खेंचरें व गाढवें यांचा निर्देश होतो, आणि त्यांचें प्रयोजन स्वारी व शोभा असें दिलें आहे. खाण्याचा शब्द येथें नाहीं. साऱ्या वादाचें मूळ या मौनांत आहे. इमाम अबू हनीफा आणि इमाम मालिक हे दोघेही आठव्या शतकांतले. दोघांनींही या मौनाचा अर्थ निषेधाकडे लाविला. हनफी पंथाच्या 'हिदाया' या बाराव्या शतकांतील ग्रंथांत त्याचें मोठें मार्मिक समर्थन आहे. खाणें हा पशूचा सर्वांत मोठा उपयोग होय. जो शहाणा दाता आपलें दान मोजून दाखवितो, तो लहान दान सांगून मोठें गाळील हें संभवत नाहीं. ज्या अर्थीं तें गाळलें आहे, त्या अर्थीं तें दिलेलें नाहीं. आमच्याकडील मीमांसकांस हा युक्तिवाद ऐकून घरच्यासारखें वाटेल.

परंतु दुसरा पक्षही दुबळा नाहीं. पैगंबरांच्या हयातींत आम्हीं घोडा कापला आणि खाल्ला, असें अबू बक्र यांची कन्या अस्मा हिचें कथन बुखारी व मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत आहे. जाबिर यांचें कथनही त्याच संग्रहांत आहे: खैबरच्या मोहिमेच्या वेळीं, म्हणजे इ. स. ६२८ मध्यें, पैगंबरांनीं पाळीव गाढवाचें मांस वर्ज्य केलें व घोड्याच्या मांसास मोकळीक दिली. यावरून शाफई पंथाचे पंडित आयतीच्या मौनास उत्तर देतात, आणि तें उत्तर आम्हांस फार चोख वाटतें. ती सूरा मक्केंतली, म्हणजे खैबरच्या पुष्कळ आधींची. तिच्यांतल्या मौनानेंच जर घोडा निषिद्ध झाला असता, तर त्याच वाक्यांतलें गाढवही त्याच वेळीं निषिद्ध झालें असतें. मग खैबरास तें नव्यानें वर्ज्य करण्याचें प्रयोजन काय होतें? खालिद बिन वलीद यांच्या नांवावर घोड्याच्या निषेधाची एक हदीस आहे खरी, पण तिची परंपरा बहुतेक हदीसवेत्त्यांनीं दुर्बळ ठरविली आहे.

म्हणून शाफई व हंबली या पंथांत घोडा भक्ष्य आहे. मालिकी पंथांत प्रचलित मत निषेधाचें आहे. शिया पंथाच्या जाफरी शास्त्रांत तो मकरूह, म्हणजे खाण्यास आडकाठी नाहीं पण न खाल्लेला बरा, असा आहे. हनफी पंथांतली स्थिति सर्वांत मनोरंजक आहे. खुद्द अबू हनीफांनीं घोडा मकरूह ठरविला. पण त्यांचे दोघे पट्टशिष्य, अबू यूसुफ व मुहम्मद शैबानी, यांनीं गुरूंच्या विरुद्ध जाऊन तो भक्ष्य मानला. मृत्यूपूर्वीं तीन दिवस गुरूंनींही आपलें मत सोडलें होतें असें पुढील काळच्या कांहीं हनफी ग्रंथांत नमूद आहे. मकरूह म्हणजे निषिद्धाच्या जवळचें कीं केवळ अप्रशस्त, यावरही त्या पंथांत दोन मतें आहेत. विहित व निषिद्ध यांच्या मध्यें इतक्या पायऱ्या ठेवणारें शास्त्र कठोर आहे असें जे म्हणतात, त्यांनीं तें वाचलेलें नसतें. मात्र एका गोष्टीवर सर्वांचें एकमत आहे. घोडा भक्ष्य मानला तरी तो विधिपूर्वक जबह केलेला असला पाहिजे. आपोआप मेलेलें जनावर मुर्दार, आणि तें सर्वांस सारखेंच वर्ज्य.

ओट्यावरचे दोघे व्याही या दोन पंथांचे होते, आणि ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांस सांगावी लागेल. कोंकणच्या किनाऱ्यावर इस्लाम मुख्यतः समुद्रमार्गें अरबांच्या गलबतांतून आला, म्हणून कोंकणी मुसलमान शाफई आहेत. घाटावर तो उत्तरेकडून सुलतानांच्या राज्याबरोबर आला, म्हणून देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी. सह्याद्रीची रांग पावसाची वांटणी करते तशी ती या पंथांचीही करते. रत्नागिरीच्या पाहुण्यांस घोडा हलाल आणि सायखेड्याच्या यजमानांस मकरूह, हें त्यामुळें. पण आम्हीं पाहुण्यांस विचारलें कीं, आपण कधीं घोडा खाल्ला आहे काय? तेव्हां ते दचकले. "छे! आमच्याकडे कोण खातो?" असें ते म्हणाले. मौज अशी कीं, ज्या कझाकांच्या घरीं मुलगा जेवला ते लोक हनफीच आहेत. अबू हनीफांना आपला इमाम मानणारे कझाक, किरगीझ व तातार पिढ्यान् पिढ्या घोडा खात आले. चौदाव्या शतकांत इब्न बतूता त्या प्रदेशांतून गेला तेव्हांही तें तिथलें रोजचें मांस होतें. उलट शाफई कोंकणांत अनुज्ञा असून तें कोणी खात नाहीं. इंडोनेशियांत सुलावेसी बेटावर जेनेपोंतो म्हणून प्रांत आहे. तेथील शाफई मुसलमानांत मात्र घोड्याचें मांस मंगलकार्यांत वाढतात. अर्थात् ग्रंथानें वाट मोकळी ठेवली किंवा अडविली तरी पानांत काय पडावें हें पुष्कळदां कुरणानें ठरविलेलें असतें.

दक्षिणेंत घोडा हें अन्न होणें मुळींच शक्य नव्हतें, कारण येथें तो सोन्यासारखा विकला जाई. भीमथडीचीं तट्टें काटक व नांवाजलेलीं होतीं, पण मोठा घोडा अरबस्तान व इराणकडून जहाजांतून चौल-दाभोळच्या बंदरांत उतरे. पंधराव्या शतकांत अफानासी निकितिन नांवाचा एक रशियन व्यापारी एकच घोडा घेऊन चौलास उतरला व जुन्नरास गेला. तेथील अधिकारी असदखान यानें तो हिसकावला आणि निरोप धाडला कीं, मुसलमान होशील तर घोडाही मिळेल आणि वर मोहराही. बिचाऱ्याचा घोडा आणि धर्म हे दोन्ही एका खुरासानी मुसलमानाच्याच रदबदलीनें वांचले. ज्या देशांत घोड्यासाठीं माणसाचा धर्म मागितला जाई, त्या देशांत तो कापून शिजविण्याची कल्पना कोणाच्या डोक्यांत यावी?

आणि हा संकोच एकट्या इस्लामचाही नव्हे. बौद्ध भिक्षूंच्या विनयग्रंथांत जीं दहा मांसें वर्ज्य आहेत त्यांत हत्ती व घोडा येतात, आणि कारण असें दिलें आहे कीं, हीं राजाचीं अंगें आहेत. भिक्षूंनीं तीं खाल्लीं तर राजा प्रसन्न राहणार नाहीं. येथें पाप नाहीं, अमंगलता नाहीं. सरळ राजकारण आहे. इ. स. ७३२ च्या सुमारास पोप तिसरा ग्रेगरी यानें जर्मनींत काम करणाऱ्या बोनिफेस यास लिहून घोडा खाण्याची चाल बंद करण्यास सांगितलें, कारण ती मूर्तिपूजकांची चाल होती. त्याच युरोपांत फ्रान्सनें १८६६ सालीं घोड्याच्या मांसाचीं दुकानें कायदेशीर केलीं, आणि २०१३ सालीं गोमांस म्हणून घोड्याचें मांस विकलें जात असल्याचें उघडकीस येतांच इंग्लंड-आयर्लंडांत हाहाकार उडाला. आमच्या घरचीच गोष्ट सांगावयाची तर अश्वमेध हा राजयज्ञांचा राजा. नाणेघाटांतील सातवाहनांच्या लेखांत तो केल्याचें अभिमानानें कोरलें आहे. आणि नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या घोड्यांनीं तीन समुद्रांचें पाणी प्यालें असें त्याची आई लिहविते. पुढें धर्मशास्त्रकारांनीं तोच अश्वमेध कलिवर्ज्यांत घातला. आज मराठी माणसाला घोडा म्हटला कीं जेजुरीचा खंडोबा आठवतो, किंवा मोहरमांतील नाल आठवते. एका काळीं ज्याचें हवन पुण्य होतें, त्याचें नांव पाककृतींत घेतलें तर आम्हांस शहारे येतात. यज्ञ करणारे मूर्ख होते असें आम्ही म्हणत नाहीं. शहारे जन्मतः येत नाहींत, ते घरांत शिकविले जातात, एवढेंच आमचें म्हणणें.

आतां या प्रश्नाची जी खरी कसोटी इतिहासांत लागली ती पाहूं. ती दूर टायग्रिसच्या कांठीं लागली, पण ज्यांची लागली त्यांत आमचींच माणसें होतीं. पहिल्या महायुद्धांत सहावी पुणें डिव्हिजन जनरल टाउनशेंड याच्या हाताखालीं बगदादच्या रोखानें गेली, टेसिफोनच्या लढाईनंतर मागें हटली, आणि ७ डिसेंबर १९१५ रोजीं कुत-अल-अमारा या नदीच्या वळणांतल्या गांवांत तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली. या डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. त्यांत कोंकण व देशावरचे मराठे तर होतेच. पण दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. एकाच पलटणींत, एकाच खंदकांत, मराठी बोलणारे हिंदु आणि मराठी बोलणारे मुसलमान शेजारीं शेजारीं भुकेले बसले होते.

जानेवारी १९१६ च्या अखेरीस धान्य आटूं लागलें आणि तोफखान्याचीं व रिसाल्याचीं जनावरें कापण्यास आरंभ झाला. गोऱ्या शिपायांनीं तें मांस खाल्लें. हिंदी शिपायांनीं, हिंदूंनीं तसेंच मुसलमानांनीं, बहुतेकांनीं तें नाकारलें. तेव्हां सेनापतीनें हिंदुस्थानांतील धर्माधिकाऱ्यांकडून अनुमति मागविली. ती बिनतारी संदेशानें आलीही: संकटकाळीं घोड्याचें मांस खाण्यास प्रत्यवाय नाहीं, असें दोन्ही धर्मांच्या पुढाऱ्यांनीं कळविलें. ती शिपायांस सांगण्यांत आली. आणि तरीही एप्रिलपर्यंत बहुसंख्य शिपायांनीं त्या मांसास हात लाविला नाहीं. ते म्हणत, आतां सगळे हो म्हणतात. पण आम्ही गांवीं परत गेल्यावर आमच्या पोरींशीं लग्न कोण करील? एप्रिलमध्यें अन्न अगदींच संपत आलें, हुकूम कडक झाला, न खाणाऱ्या अंमलदारांच्या जागीं खाणारे नेमण्याची भाषा झाली, आणि मग हजारोंनीं खाण्यास सुरुवात केली. तोंवर फार उशीर झाला होता.

या वेढ्याचा वैद्यकीय वृत्तांत विलक्षण आहे. पांढऱ्या पिठाची रोटी व घोड्याचें मांस खाणाऱ्या गोऱ्या शिपायांस बेरीबेरी झाली, पण रक्तपिती, म्हणजे इंग्रजींत ज्यास स्कर्व्ही म्हणतात ती, फारशी झाली नाहीं. कोंड्यासह आटा खाणारे हिंदी शिपाई बेरीबेरींतून सुटले, पण ताज्या मांसाच्या व भाजीच्या अभावीं रक्तपितीनें लोळले. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडल्या. ज्या आट्याच्या आग्रहानें एका रोगापासून रक्षण केलें, त्याच्याच शेजारच्या आग्रहानें दुसऱ्या रोगाच्या स्वाधीन केलें. सुटकेसाठीं आलेल्या फौजेचीं सुमारें तेवीस हजार माणसें मेलीं वा जायबंदी झालीं. विमानांतून अन्नाचीं पोतीं टाकण्यांत आलीं. 'जुलनार' ही रसदेची बोट तुर्कांनीं अडविली. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार माणसें शरण गेलीं, आणि पुढच्या वाळवंटांतील पायपिटींत व कैदेंत त्यांतलीं हजारों मेलीं. उपासानें खंगलेल्या शरीरांस ती वाट झेपण्याजोगी नव्हतीच.

हा हट्ट होता कीं धर्मनिष्ठा? इंग्रज लेखकांनीं यास बहुधा अज्ञान म्हटलें. आम्हांस तितकें सोपें उत्तर देववत नाहीं. प्रथम हें पाहा कीं, ती अनुमति कोणाच्या सोयीसाठीं आली होती. ज्या सत्तेनें शिपायास तेथें नेलें, तिनेंच धर्माधिकाऱ्याकडे शब्द टाकला आणि तिच्याच तारायंत्रानें त्याचें उत्तर आणलें. शिपाई अडाणी असेल, पण कोणाच्या सांगण्यावरून कोण हो म्हणतो हें ओळखण्यास अक्षरओळख लागत नाहीं. त्यांतून मुसलमान शिपायाची अवस्था पाहा. समोरचा शत्रु खलिफाचें सैन्य होता, आणि खलिफानें नोव्हेंबर १९१४ मध्यें जिहादची घोषणा केलेली होती. आपल्या धर्माच्या खलिफाविरुद्ध बंदूक धरणें हा एवढा मोठा घांस ज्यानें मुकाट्यानें गिळला, तो घोड्याच्या तुकड्यापाशीं अडून बसला. यांत विसंगति आहे असें कोणी म्हणेल. आम्हांस यांत फार मानवी सुसंगति दिसते. बंदूक कोणावर रोखावी हें त्याच्या हातीं राहिलें नव्हतें, केव्हां उठावें व कोठें मरावें हेंही नव्हतें; तोंड उघडावें कीं मिटावें एवढीच एक गोष्ट त्याची स्वतःची उरली होती.

असें असूनही त्यानें तोंड मिटून बसावयास नको होतें, असें आमचें मत आहे. आणि तें मत आम्ही सेनापतीच्या बाजूनें देत नसून शिपायाच्याच शास्त्राच्या आधारें देतों. कुराणाच्या दुसऱ्या सूरेंत, अगतिक होऊन, लालसा न धरतां व मर्यादा न ओलांडतां जो निषिद्ध खातो त्यास पाप नाहीं असें स्पष्ट आहे. आणि हनफी शास्त्रकार तर याहून पुढें जाऊन म्हणतात कीं, प्राण जात असतां मुर्दारही न खातां जो मरतो तो गुन्हेगार ठरतो. मग मकरूहाची काय कथा? आमच्याकडे आपद्धर्माच्या प्रकरणांत विश्वामित्रानें दुष्काळांत चांडाळाच्या घरचें कुत्र्याचें मांस घेण्याची गोष्ट आहे. पण आम्हांस तीपेक्षां छांदोग्य उपनिषदांतील उषस्ति चाक्रायणाची गोष्ट अधिक मोलाची वाटते. कुरु देशावर अस्मानी कोसळलें, अन्न मिळेना. तेव्हां उषस्तीनें एका माहुतापाशीं तो खात असलेले उष्टे कुळीथ मागून घेऊन खाल्ले. माहुतानें पाणीही पुढें केलें. तें मात्र त्यानें नाकारलें. माहूत म्हणाला, कुळीथ उष्टे नव्हते काय? उषस्ति म्हणाला, ते खाल्ले नसते तर मी जगलों नसतों. पाणी मला हवें तेथें मिळतें. आपद्धर्माची सीमारेषा इतक्या नेमक्या जागीं ओढलेली आम्हीं दुसरीकडे पाहिली नाहीं. ती ओढतांना त्याला कोणाची तार लागली नाहीं. कुतच्या शिपायास फेब्रुवारींत नाहीं म्हणण्याचा अधिकार होता. मार्चमध्यें, शेजारच्याच्या हिरड्यांतून रक्त वाहूं लागल्यावर, तो अधिकार उरला होता असें आम्हांस वाटत नाहीं; कारण तेव्हां त्याचें शरीर एकट्या त्याचें नव्हतें, बाजूच्या भावाचेंही होतें. आणि गांवींच्या लोकांविषयीं काय म्हणावें? दोन हजार मैलांवरच्या पोराला त्याच्या खंदकांत उपाशी मारण्याइतकी त्यांची जीभ लांब होती. तें पाप ग्रंथाचें नव्हे, इमामाचें नव्हे, भटजीचेंही नव्हे. तें पारावर बसणाऱ्यांचें आहे, आणि पारावर आपण सगळेच बसतों.

सायखेड्याच्या ओट्यावर मात्र असा कांहीं प्राणसंकटाचा प्रसंग नव्हता. म्हणून तेथें आजोबांच्या दुसऱ्या बोलण्याकडे वळलें पाहिजे: ज्यानें खाऊं घातलें त्याला खावें काय? हनफी शास्त्रकारांनीं घोडा मकरूह ठरवितांना एक कारण हेंही दिलें आहे कीं, तो धर्मयुद्धाचें साधन आहे, त्यास मान आहे, आणि त्याचें मांस खाऊं लागलें तर तें साधन कमी होईल. आतां हें कारण संपलें. आज कोणतेंही सैन्य घोड्यावर बसून लढाई जिंकीत नाहीं. कारण गेलें कीं नियमही जातो, असें त्याच शास्त्रांतलें एक तत्त्व आहे. त्या न्यायानें हनफींनीं घोडा निःशंक खावा असें कोणी म्हणूं शकेल. पण आजोबा ज्या कारणानें अडले होते तें हें नव्हतेंच. त्यांचा घोडा युद्धावर कधीं गेला नाहीं. तो खेरवाडीहून उतारू आणी.

कृतज्ञतेच्या या कारणाचें आम्हांस कौतुक वाटलें, पण तें तपासून पाहिलें तेव्हां तें फार दूरवर जातें असें दिसलें. घोड्यानें एका घरास पोसलें. बैलानें तर अवघ्या निफाड तालुक्यास पोसलें. कृतज्ञता हा न्याय असेल तर तो बैलासही लागला पाहिजे, आणि पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या पायां पडणारा आमचा शेतकरी अगदीं हेंच म्हणतो. महाराष्ट्रांत २०१५ पासून बैलाच्या कत्तलीस कायद्यानें बंदी आहे. एकाची कृतज्ञता कायदा झाली आणि दुसऱ्याची ओट्यावरच राहिली. हें आम्हीं आजोबांजवळ काढलें नाहीं. पाहुण्यानें यजमानाच्या घरीं प्रत्येक खरी गोष्ट बोलावीच असें नाहीं. आणि दुसरेंही एक आहे. टांग्याचा घोडा म्हातारा झाला कीं त्याचें काय होई, हें ज्यांनीं तालुक्याच्या गांवांतले जुने टांगेअड्डे पाहिले आहेत ते जाणतात. खुरांत जखम, पाठीवर फोड, गवताचा खर्च परवडेना, मग एके रात्रीं तो रस्त्यावर सोडून देत. कोणी त्याला खाल्लें नाहीं हें खरें. पण कोणी खाऊंही घातलें नाहीं. मांस न खाण्यानें कृतज्ञतेचें ऋण फिटतें असें मानणें फार स्वस्त आहे. कझाक घोडा खातो. पण बर्फांत खुरांनीं गवत उकरून जगणारे त्याचे कळप तो जीव लावून राखतो. या दोघांत घोड्याचा मित्र कोण, याचें उत्तर घोड्यानें दिलें असतें तर आम्हांस तें ऐकावयास आवडलें असतें.

असें असूनही आजोबांचें म्हणणें आम्हांस टाकून देववत नाहीं. ग्रंथ ज्यास मकरूह म्हणतो त्याची सीमा ग्रंथ बदलूं शकतो, शिष्य गुरूस खोडूं शकतो, तीन दिवस आधीं गुरुही मत सोडूं शकतो. पण ज्या माणसानें लहानपणीं पहाटे उठून घोड्याच्या तोंडाशीं चंदीचा तोबरा बांधला, त्याच्या ठिकाणीं जो नकार उत्पन्न होतो त्यास कोणत्याही इमामाची सही लागत नाहीं आणि कोणत्याही इमामाच्या अनुज्ञेनें तो जात नाहीं. तो त्यानें दुसऱ्यावर लादूं नये एवढेंच आम्ही म्हणूं. आणि विशेषतः ज्याला असा घोडा ठाऊकच नाहीं अशा नातवावर. आजोबांनीं तो नकार वडिलांकडून घेतला. नातवानें ज्या घरचें मीठ खाल्लें तेथें तो नकार दाखविणें म्हणजे यजमानाच्या ताटाचा अपमान होता. आमच्या मतें मुलानें खाल्लें तें योग्य केलें.

आम्हीं हें बोलून दाखविलें नव्हतें, पण रात्रीं जेवणें झाल्यावर आजोबांनींच विषय पुन्हां काढला. त्यांनीं मुलास विचारलें, "ज्या घरीं तूं जेवलास, त्यांचा स्वारीचा घोडा होता का?" मुलगा म्हणाला, "होता, दादा. तो निराळा. खाण्याचे कळपांतले निराळे. स्वारीच्या घोड्याला त्यांनीं नांव ठेवलें होतें." आजोबांनीं कांहीं वेळ विचार केला. "मग ठीक आहे," असें ते म्हणाले, "पण इथें आल्यावर आईला सांगूं नकोस, ती भांडीं निराळीं काढील." यावर रत्नागिरीचे व्याही मोठ्यानें हंसले, आणि चहाची भांडीं आंत गेलीं.